फोनचा मोडेम करून लिनक्सवर नेट : अभ्यासिकेतले सहा संगणक चालवायचे आहेत

पंचवटी_अभ्यासिका (सोमवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. पंचवटी कारंजाजवळ आमची छोटी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं येतात, बरीचशी दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडची. लोकांनी दिलेले सहा जुने डेस्कटॉप आहेत. त्यांना विंडोज झेपत नव्हतं, म्हणून मागच्या वर्षी सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) टाकलं. तेव्हापासून मशीन मस्त चालतात.

शनिवारी गल्लीत रस्ता खोदताना फायबर तुटली. 'दोन दिवसांत जोडू' असं सांगितलंय, पण त्यांचे दोन दिवस किती दिवसांचे ते कोणी सांगू शकत नाही. इकडे एका भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार आहे. अकरा मुलांचे अर्ज बाकी आहेत. फोटो आणि सही ठरावीक आकारात कापून चढवायची असते, ते मोबाइलवर नीट जमत नाही.

माझ्याकडे एक अँड्रॉइड फोन आहे, त्यात रोजचा २ जीबी डेटा. डेस्कटॉपना वायफाय नाही, त्यामुळे हॉटस्पॉटचा उपयोग नाही. यूएसबी केबलने फोन जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट संगणकाला देणं, चालू केलं. फोन म्हणतो चालू आहे, संगणकाच्या कोपऱ्यात जोडणीचं चिन्हही येतं, पण एकही पान उघडत नाही. काय चुकतंय? आणि हे जमलं तर एका फोनवर सहाही संगणक चालतील का?

सातपूर_शिफ्ट (रात्री ९:५८)

केबल बदला. दहातली नऊ प्रकरणं केबलचीच असतात.

गंगापूररोडवाला (रात्री १०:०४)

वरच्याला अनुमोदन. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. स्वस्तातल्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतातच. फोन चार्ज होतो, म्हणून आपण केबल चांगली समजतो आणि तास तास भलतीकडेच शोधत बसतो. दुसरं म्हणजे डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचं यूएसबी भोक वापरू नका, ती सैल झालेली असतात. मागे, थेट मदरबोर्डवर लावा.

देवळालीकर (रात्री १०:११)

ताई, सहा वायफाय डोंगल (यूएसबीत लावायची छोटी वायफाय कार्डं) घ्या आणि हॉटस्पॉट लावा. प्रश्न मिटला.

टर्मिनलताई (रात्री १०:२०)

@देवळालीकर, प्रश्न मिटत नाही, वाढतो. डोंगलच्या पाकिटावर जे नाव असतं त्यावरून आतली चिप कळत नाही. काही चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो, काहींचा बाहेरून आणून संकलित करावा लागतो, आणि तो आणायला नेट लागतं. शुक्रवारची मुदत असताना सहा अनोळखी डोंगल घेऊन बसायला मी कोणाला सांगणार नाही. यूएसबी टेदरिंगची गंमतच ही की त्याला लागणारे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये आधीपासून असतात. वायफायचा ड्रायव्हर नसलेल्या लॅपटॉपवर नवीन लिनक्स टाकलं की मी पहिल्यांदा फोनच जोडते, त्यावरून वायफायचा ड्रायव्हर उतरवून घेते.

@पंचवटी_अभ्यासिका, फोन जोडल्यावर संगणकाला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) मिळतोय का? टर्मिनलमध्ये 'आयपी अ‍ॅड्रेस' आणि 'आयपी राउट' या दोन आज्ञा द्या (टंकताना रोमन छोट्या अक्षरांत) आणि काय दिसतं ते जसंच्या तसं सांगा. त्याआधी सगळे अंदाजच आहेत.

पंचवटी_अभ्यासिका (रात्री १०:४१)

केबलचं खरं आहे! शनिवारी पहिली केबल लावली तेव्हा टेदरिंगचं बटणच राखाडी दिसत होतं. फोनबरोबर आलेली मूळ केबल लावल्यावर ते दाबता आलं. म्हणजे केबलचा टप्पा ओलांडलाय.

पत्ता मिळतोय, १९२.१६८.४२ ने सुरू होणारा. दुसरी आज्ञा उद्या सकाळी देते, आता कुलूप लावून घरी आले.

जुनाखेळाडू (रात्री ११:१५)

धाग्याचं नाव वाचून जुने दिवस आठवले. हल्लीच्या मुलांना कल्पना येणार नाही, पण २००७ च्या सुमाराला फोन खरोखर मोडेम असायचा. तेव्हा मी नाशिक रोडला भाड्याच्या खोलीत राहायचो. नोकियाचा फोन, त्याची वेगळी डेटा केबल, आणि संगणकावर 'डब्ल्यूव्हीडायल' नावाचा कार्यक्रम. फोन जोडला की 'टीटीवाय एसीएम शून्य' असं सिरियल पोर्ट दिसायचं. मग एका फाइलीत मोडेमच्या आज्ञा लिहायच्या, कंपनीचा एपीएन (तिच्या नेटच्या दाराचं नाव) त्यातच घालायचा, आणि डायल करायचा नंबर *९९#. सीडीएमए या दुसऱ्या प्रकारच्या नेटवर्कचा फोन असला तर #७७७. त्या फाइलीत 'स्टुपिड मोड = १' अशी एक ओळ लागायची, ती नसली तर जोडणी सुरू होऊन लगेच पडायची. ती ओळ सापडायला मला एक अख्खा रविवार लागला होता.

मोडेमला द्यायच्या त्या आज्ञा 'एटी' ने सुरू व्हायच्या. ती पद्धत १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासूनची. 'एटी' म्हणजे अटेन्शन, मोडेमला 'लक्ष दे' असं सांगणं. फोन फक्त रेडिओचं काम करायचा, नेट जोडण्याची (पीपीपीची) सगळी बोलणी संगणक करायचा, आणि आयपी पत्ता थेट संगणकाला मिळायचा. मध्येच कोणाचा फोन आला की नेट थांबायचं, कारण जीपीआरएसवर, म्हणजे तेव्हाच्या मोबाइल नेटवर, बोलणं आणि डेटा एकाच वेळी चालत नसे. आईला सांगून ठेवलं होतं की रात्री दहानंतर फोन करू नकोस.

वेग सेकंदाला पाच किलोबाइट. ७०० एमबीची उबुंटूची सीडी त्या वेगाने उतरवायला एकोणचाळीस तास लागले असते. तेव्हा उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल ती सीडी टपालाने फुकट पाठवायची. पोस्टमनने ते पाकीट हातात दिलं तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे.

कोरीपाटी (रात्री ११:२२)

काका, म्हणजे आता फोन मोडेम नसतो? मग काय असतो?

जुनाखेळाडू (रात्री ११:४०)

चांगला प्रश्न विचारलास. आता तो राउटर असतो. यूएसबी टेदरिंग चालू केलं की फोन संगणकाला सांगतो, 'मी एक नेटवर्क कार्ड आहे.' संगणकाला वाटतं लॅनची तार लागली. पलीकडे फोन स्वतःच डीएचसीपीने पत्ता वाटतो आणि मागचं सगळं नेट आपल्या एका जोडणीतून सोडतो. अँड्रॉइडमध्ये हे २०१० च्या २.२ आवृत्तीपासून आलं. म्हणूनच आता एपीएन संगणकात लिहावा लागत नाही, तो फोनमध्येच असतो. कोणी जुना लेख वाचून डब्ल्यूव्हीडायल बसवत असेल तर त्याला थांबवा. आजच्या फोनला त्याची गरज नाही.

त्यावरून अभ्यासिकेच्या प्रश्नाबद्दल एक सांगतो. पत्ता मिळतोय म्हणजे फोन आणि संगणक एकमेकांशी बोलतायत. बिघाड त्याच्या पुढे आहे.

सिडकोकर (मंगळवार, सकाळी ७:३०)

माझ्याकडे आयफोन आहे, त्यावर चालेल का? दादरहून आलेला भाऊ म्हणतो लिनक्सवर आयफोनचं काहीच चालत नाही.

टर्मिनलताई (सकाळी ८:०५)

@सिडकोकर, चालतं. आयफोनसाठी 'आयपीहेथ' नावाचा ड्रायव्हर २०१० पासून, म्हणजे २.६.३४ पासून कर्नलमध्ये आहे. फक्त 'यूएसबीमक्सडी' हे पॅकेज बसवलेलं हवं, कारण फोनशी ओळख करून देण्याचं काम ते करतं. पर्सनल हॉटस्पॉट चालू करून केबल लावा. फोनवर 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का' असं येईल, तिथे हो म्हणून पासकोड द्या. ते विचारण्याआधी फोन लॉक असेल तर काहीच होत नाही आणि लोक तिथेच अडकतात.

भाऊ म्हणतो त्यात एका काळापुरतं तथ्य होतं. आयओएस १४ आलं तेव्हा जुन्या कर्नलवर जोडणी व्हायची, पण पानं उघडायची नाहीत. ड्रायव्हरमधला बफर १५१६ बाइटचा होता, तो १५१४ करावा लागला. दोन बाइटांचा फरक! तो २०२० च्या शेवटी दुरुस्त झाला. डेबियन १२ ला ती अडचण नाही.

पासधारक (सकाळी ८:५०)

हे पंचवटी एक्स्प्रेसमधून लिहितोय, इगतपुरी नुकतंच गेलं. माझी बारा वर्षांची सवय सांगतो. लॅपटॉपवर लिनक्स आणि फोन केबलने. वायफाय हॉटस्पॉट मी गाडीत वापरत नाही. एका डब्यात पन्नास हॉटस्पॉट चालू असतात, सगळे त्याच लहरींवर. केबलला त्याचा त्रास नाही, आणि लॅपटॉपवरून फोन चार्जही होत राहतो.

कसारा घाटात बोगदे सुरू झाले की नेट येतं-जातं. त्यावर मी 'मॉश' वापरतो. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने काम करत असाल तर बोगद्यात जोडणी तुटते आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं. मॉशमध्ये बोगद्याच्या पलीकडे नेट आलं की जिथे होतो तिथेच परत, पत्ता बदललेला असला तरी. माझ्या आयुष्यातले कितीतरी तास या एका कार्यक्रमाने वाचवले आहेत.

गंगापूररोडवाला (सकाळी ९:१०)

@पासधारक, लॅपटॉपची बॅटरी मात्र फोन पितो. यूएसबी २.० च्या भोकातून ५०० मिलिअँपिअर जातात, ३.० मधून ९००. लांबच्या प्रवासात, नुसता मजकूर पाठवायचा असेल तर ब्लूटूथ टेदरिंग बघा. वेग अगदी कमी, पण बॅटरी दोन्हीकडची टिकते.

पासधारक (सकाळी ९:१४)

ब्लूटूथवर मनमाडपासून एक ईमेल पाठवायला निघालो तर ती ठाण्याला पोचते. केबलच बरी.

पंचवटी_अभ्यासिका (सकाळी १०:३५)

आले. 'आयपी राउट' मध्ये 'डिफॉल्ट' ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतात :

डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ … मेट्रिक १००
डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.४२.१२९ … मेट्रिक १०१

दुसरी ओळ फोनची असावी. पहिली कुठली?

टर्मिनलताई (सकाळी १०:४४)

सापडलं! पहिली ओळ तुमच्या फायबरच्या राउटरची आहे. लॅनची तार अजून संगणकाला लागलेली आहे ना?

फायबर तुटली तरी राउटर चालूच असतो. तो प्रामाणिकपणे पत्ता वाटतो आणि म्हणतो, 'बाहेर जायचं तर माझ्याकडून जा.' फोनही तेच म्हणतो. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही तारेच्या जोडण्या, म्हणून आधी लागलेल्या राउटरला १०० क्रमांक आणि नंतर आलेल्या फोनला १०१. हा मेट्रिकचा आकडा लहान असेल तो रस्ता आधी. म्हणजे तुमचं प्रत्येक पान त्या तुटलेल्या फायबरकडे जातंय आणि तिथेच संपतंय. फोन बिचारा रिकामा बसलाय.

लॅनची तार काढा आणि बघा.

पंचवटी_अभ्यासिका (सकाळी १०:५२)

उघडलं!!! ताई, तीन दिवस मी फोनच बदलून बघत होते. शेजारच्या दुकानदाराचा फोनही मागून आणला होता.

सातपूर_शिफ्ट (सकाळी ११:००)

माझं केबलचं निदान मागे घेतो. पण एक कळत नाही. माझ्या घरी उबुंटू आहे आणि फायबर गेली तरी टेदरिंग आपोआप चालतं, तार काढावी लागत नाही. असं का?

टर्मिनलताई (सकाळी ११:२०)

कारण तुमच्याकडे नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या कार्यक्रमाची जोडणी तपासणी चालू आहे. तो अधूनमधून बाहेरचं एक पान उघडून बघतो. ज्या जोडणीवरून ते उघडत नाही तिच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवतो. मग मेलेल्या राउटरचा आकडा २०,१०० होतो आणि फोनचा रस्ता आपसूक पुढे येतो. अभ्यासिकेच्या मशीनवर ती तपासणी बंद असणार, म्हणून संगणकाला राउटर मेल्याचं कळलंच नाही. तपासणी नको असेल तर फोनच्या जोडणीला हाताने ५० मेट्रिक देऊन ठेवायचं, तेही चालतं.

पंचवटी_अभ्यासिका (सकाळी ११:३०)

आता दुसरा प्रश्न. बाकी पाच मशीन? सगळी एका नेटवर्क स्विचला (लॅनच्या अनेक तारा जोडायची पेटी) लागलेली आहेत, राउटरही त्याच स्विचला आहे.

देवळालीकर (सकाळी ११:४१)

राउटरलाच फोनच्या हॉटस्पॉटला जोडता येत नाही का? काही राउटर वायफायने नेट घेऊन लॅनच्या भोकांतून देतात. माझ्या घरचा देतो.

पंचवटी_अभ्यासिका (सकाळी ११:४६)

राउटर फायबरवाल्यांनी दिलेला आहे, त्याची सेटिंग उघडत नाहीत.

जुनाखेळाडू (दुपारी १२:१०)

मग पहिल्या संगणकालाच राउटर करा. लिनक्समध्ये हे इतकं सोपं आहे याचा मला अजूनही आनंद होतो. नेटवर्कच्या जोडण्या संपादित करण्याची खिडकी उघडा. लॅनची जोडणी निवडा. आयपीव्ही४ च्या पानावर पद्धत 'ऑटोमॅटिक' असेल, ती बदलून 'इतर संगणकांशी वाटून घेतलेली' करा. जतन करा. तार स्विचमध्ये परत लावा.

झालं. तो संगणक १०.४२.०.१ हा पत्ता घेईल आणि बाकीच्या पाचांना १०.४२.० चे पत्ते वाटेल. त्या पाचांवर काहीही बदलायचं नाही, नुसते चालू करायचे.

आणि गंमत बघा, लॅनची जोडणी वाटणारी झाली की तिच्यावरून बाहेरचा रस्ता उरतच नाही. म्हणजे सकाळची १०० आणि १०१ ची भानगडही याच बदलाने कायमची सुटते.

टर्मिनलताई (दुपारी १२:२५)

काकांच्या उत्तराला दोन गोष्टी जोडते, नाहीतर संध्याकाळी हाच धागा परत वर येईल.

राउटर स्विचमधून काढा. तो तिथे राहिला तर एकाच तारेवर पत्ते वाटणारे दोघे होतील. ज्या मशीनला राउटर आधी उत्तर देईल ते मशीन पुन्हा तुटलेल्या फायबरकडे जाईल. तीन मशीन चालतील, दोन चालणार नाहीत, आणि दर वेळी वेगळी दोन. असला बिघाड माणसाला वेड लावतो.

दुसरं म्हणजे वाटणीसाठी 'डीएनएसमास्क-बेस' हे पॅकेज लागतं. नसेल तर जोडणी सुरू होऊन लगेच बंद पडेल. आता फोनवरून नेट आहे, तोवर आधी ते बसवून घ्या.

पंचवटी_अभ्यासिका (दुपारी ३:०५)

सहाही चालू!! ते पॅकेज नव्हतं, बसवलं. राउटर काढून कपाटावर ठेवला. मुलं टाळ्या वाजवायला लागली. एका मुलाने वहीत सगळी जोडणी काढून घेतलीय, फोन, संगणक, स्विच, बाणांसकट.

फक्त आता भीती २ जीबीची. दुपारपर्यंत ६०० एमबी गेले.

सातपूर_शिफ्ट (दुपारी ३:२०)

मुलांना सांगा, व्हिडिओ बंद म्हणजे बंद. भरतीच्या तयारीची प्रवचनं शनिवारनंतर.

टर्मिनलताई (दुपारी ३:४५)

अँड्रॉइड फोन पत्ता देतानाच 'हा डेटा मोजका आहे' अशी खूण पाठवतो, आणि नेटवर्कमॅनेजर ती ओळखतो. पण ती फक्त फोन लागलेल्या मशीनला कळते. मागच्या पाचांना वाटतं की आपण साध्या लॅनवर आहोत. म्हणून त्या पाचांवर जोडणीचं 'मीटर्ड' (मोजका डेटा) हे सेटिंग हाताने 'हो' करा. जे कार्यक्रम ही खूण पाळतात ते मग आपोआप अद्ययावत होणं थांबवतात.

कुठल्या मशीनने काय खाल्लं ते बघायला प्रत्येकावर 'व्हीएनस्टॅट' बसवा, ते छोटंसं आहे. आणि हा आठवडा संपल्यावर पहिल्या मशीनवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवून घ्या. एका मशीनने पॅकेज उतरवलं की बाकीची पाच ते त्याच्याकडूनच घेतात. सहापट डेटा जायचा तो एकपट जातो. फायबर आल्यावरही त्याचा उपयोग आहे.

द्राक्षमळा (रात्री ८:१५)

पिंपळगाव बसवंतहून राम राम. दिवसभर बागेत होतो, आत्ता धागा वाचला. माझा अनुभव वेगळ्या कामाचा आहे, पण लिहितो.

बागेत एका कोपऱ्यात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवलाय. तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे तो मोजतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या बुरशीच्या रोगाचा धोका कळायला पानाच्या ओलीचा हिशेब फार लागतो. एखादी फवारणी वाचली तरी मोठी गोष्ट. तिथे फायबर येणं शक्य नाही, म्हणून घरातला जुना फोन यूएसबीने पायला लावला आणि टेदरिंग. पहिला हंगाम उत्तम गेला.

दुसऱ्या वर्षी फोन फुगला. चोवीस तास चार्जिंगवर, वर पत्र्याच्या पेटीत एप्रिलचं ऊन. बॅटरीने मागचं झाकण उचललं होतं. आग लागली नाही हे नशीब. त्यामुळे माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे : फोन कायमचा मोडेम म्हणून ठेवणार असाल तर सावलीत, हवेशीर, उघडा ठेवा आणि दर आठवड्याला हात लावून बघा. मी नंतर सिम घालायचा यूएसबी डोंगल घेतला. त्याला बॅटरीच नसते.

अजून एक. सिमवरच्या नेटला सहसा बाहेरून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता मिळत नाही, कंपनी हजारो लोकांना एका पत्त्यामागे बसवते. घरून बागेतल्या पायला थेट जोडता येत नाही. पायनेच बाहेर जोडणी करून माहिती पाठवायची, असंच करावं लागतं.

गंगापूररोडवाला (रात्री ८:४०)

@द्राक्षमळा, फार मोलाचा प्रतिसाद. अभ्यासिकेच्या बाबतीत तर तीनदा पत्ता बदलतोय : पहिलं मशीन, मग फोन, मग कंपनी. अर्ज भरायला त्याने काही बिघडत नाही, पण बाहेरून आत यायचं तर विसरा.

कोरीपाटी (रात्री ९:०२)

मी आज पहिल्यांदा 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालवून फोन लावला. 'आरएनडीआयएस' असं काहीतरी आलं. ते काय आहे? शोधलं तर कुठे तरी वाचलं की कर्नलमधून ते काढणार होते. मग टेदरिंग बंद पडेल का?

जुनाखेळाडू (रात्री ९:३०)

आरएनडीआयएस ही मायक्रोसॉफ्टची पद्धत. यूएसबीवर नेटवर्क कार्ड असल्याचं फोन या भाषेत सांगतो. विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागू नये म्हणून अँड्रॉइडने ती घेतली, आणि लिनक्सने तिच्यासाठी 'आरएनडीआयएस होस्ट' हा ड्रायव्हर ठेवला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नलचे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी हे सगळे ड्रायव्हर बंद करावेत असा पॅच मांडला होता. कारण ही पद्धत अनोळखी उपकरणासमोर सुरक्षित ठेवता येत नाही. त्यावर आक्षेप असा आला की जगभरातले जुने फोन याच्याच भरवशावर टेदरिंग करतात. काही नवे फोन आता एनसीएम ही खुली पद्धत वापरतात, लिनक्समध्ये तिचाही ड्रायव्हर आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जुने फोन असेपर्यंत हा ड्रायव्हर राहिला पाहिजे. पंचवटीतल्या अकरा मुलांचे अर्ज त्याच ड्रायव्हरवर चाललेत. पण त्या इशाऱ्याचा अर्थही ध्यानात ठेवायचा : अनोळखी माणसाचा फोन आपल्या संगणकाला लावायचा नाही. 'जरा चार्जिंगला लावतो' म्हणाला तरी भिंतीचं भोक दाखवायचं.

पंचवटी_अभ्यासिका (बुधवार, दुपारी १२:२०)

आज दोनदा वीज गेली. दर वेळी संगणक परत चालू केल्यावर फोनवर जाऊन टेदरिंगचं बटण पुन्हा दाबावं लागतं. मी बाहेर असले तर मुलं खोळंबतात, आणि फोन माझा स्वतःचा, त्यावर ओटीपीही येतात. यावर काही?

पासधारक (दुपारी १२:५०)

फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे 'डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन' असं असतं, त्यात यूएसबी टेदरिंग निवडा. मग केबल लागली आणि फोन उघडला की आपोआप सुरू होतं. एकदा उघडावा मात्र लागतो. मी रोज सकाळी गाडीत बसल्यावर तेवढंच करतो.

ओटीपीचं म्हणाल तर मुलांचे ओटीपी त्यांच्याच फोनवर येऊ द्या, अर्जात त्यांचाच नंबर द्या. पुढे प्रवेशपत्राचा संदेश त्याच नंबरवर येतो. अभ्यासिकेचा नंबर दिला आणि नंतर तो बदलला तर मुलगा अडकतो. माझ्या पुतण्याचं असं झालंय.

देवळालीकर (दुपारी १:१५)

घरात जुना फोन पडला आहे, स्क्रीनला तडा आहे पण चालतो. अभ्यासिकेला देतो. तुमचा फोन मोकळा होईल. उद्या रामकुंडाकडे यायचंच आहे.

पंचवटी_अभ्यासिका (दुपारी १:२०)

दादा, देव पावला. चहा आमच्याकडे.

पंचवटी_अभ्यासिका (शुक्रवार, सायंकाळी ६:४०)

कळवायला उशीर झाला. काल रात्री साडेनऊला अकरावा अर्ज गेला. सुरगाण्याच्या मुलीची सही चारदा नाकारली गेली, पाचव्यांदा गेली. देवळालीकर दादांचा फोन आता खिडकीच्या आत, सावलीत, लाकडी फळीवर उघडा ठेवलाय, आणि द्राक्षमळा दादांनी सांगितल्याप्रमाणे रोज बंद करताना कोणीतरी हात लावून बघतं. वहीत आकृती काढणाऱ्या मुलाने ते काम अंगावर घेतलंय.

फायबर अजून आलेली नाही. एकच विचारायचंय : केबल एक मीटरची आहे, फळीपर्यंत ताणून बसते. तीन मीटरची घेतली तर चालेल का?

सातपूर_शिफ्ट (सायंकाळी ६:५२)

चालेल. फक्त घेताना दुकानातच फोन संगणकाला लावून टेदरिंगचं बटण उजळतंय का ते बघून घ्या.